शब्दांची माहेरं हुडकण्याचा धंदा

शिवाजीनगरातल्या त्या खोलीत मी पहिल्याच दिवशी जवळजवळ पाऊण तास ब्लाऊज शिवायला आलेल्या बायकांना लॅटिन शिकवलं.

शिवाजीनगर म्हणजे पुण्याचं नव्हे, आमचं बंगळूरचं. बसस्टँडाच्या मागे एका बटणं-लेस विकणाऱ्या दुकानावर ही खोली. मालक ती तासावर भाड्याने देतो. माझी वेळ शिवणक्लासच्या नंतरची, पण उत्साहाच्या भरात मी तासभर आधी जाऊन थडकलो. समोर दहा-पंधरा बायका मांडी घालून बसलेल्या. त्यांच्या हातात कात्र्या होत्या, गळ्यात टेपा होत्या. पण माझ्यासारखा मास्तर विद्यार्थी दिसले की त्यांचे हात कशाला बघेल? मी खडू उचलला आणि कन्नडात जाहीर केलं, "आज आपण कापायचं शिकू."

बायकांनी माना डोलावल्या. आपण योग्य ठिकाणी आलो आहोत याबद्दल त्यांना शंका उरली नाही, आणि मलाही.

मी फळ्यावर 'सेक्ट' लिहिलं. लॅटिनमध्ये कापणे. सेक्शन म्हणजे कापलेला भाग, डिसेक्ट म्हणजे कापून वेगळं करणे, इंटरसेक्शन म्हणजे दोन रस्ते एकमेकांना कापतात ती जागा. समजावं म्हणून एक मोठं वर्तुळ काढून त्याचे तुकडे पाडले. बायका भराभर उतरवून घेत होत्या. इतका गुणी वर्ग मला आयुष्यात लाभला नव्हता. एका बाईंनी तर अदबीने विचारलं, "सर, अस्तर आधी कापायचं की नंतर?" मला वाटलं, ही काहीतरी खोल उपमा आहे. मी म्हटलं, "छान प्रश्न आहे. शेवटी घेऊ."

एवढ्यात, उशीर झालेल्या शिवणक्लासच्या खऱ्या बाई दारात आल्या. त्यांनी माझं वर्तुळ नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सार, इदु यार आर्महोलु?" म्हणजे, साहेब, हा कुणाचा मुंढा काढलाय?

वर्ग हसत सुटला. त्या हसण्यात एक आवाज चक्क मराठीत आला. "बाप्पा! मी तं अर्धा गळा उतरवून बसली!"

आता आम्हा बंगळूरच्या जुन्या मराठी लोकांची एक खोड सांगतो. आमचे पूर्वज कधीतरी तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की कन्नड. त्यामुळे रस्त्यात, रांगेत, कुठेही मराठी कानावर पडलं की आम्हाला राहवत नाही. आडनाव काय, गाव कुठलं, माहेर कुठलं, कुलदैवत कोणतं, हे विचारून झाल्याशिवाय आम्ही त्या माणसाला हलू देत नाही. मीही ती अब्रू गेलेली खोली सोडायच्या आधी तेवढं उरकून घेतलं. बाईंचं नाव सुलभा. माहेर वर्ध्याकडचं, सासर नागपूर. नवरा नितीन, आयटीतला. मुलगी इरा, नववीत.

"बरं, सुलभाक्का," मी म्हटलं.

"अक्का? मी तुमच्याहून बरीच लहान आहे न जी!"

"आमच्याकडे समोरची बाई म्हणजे अक्काच."

"मंग चालते," ती म्हणाली. आणि शिवणाचा तास संपल्यावर ती उठून गेलीच नाही. माझ्या तासालाही तशीच बसून राहिली.

*

आता माझा धंदा सांगतो. तो घरच्यांनाही अजून नीट कळलेला नाही.

मी इंग्रजी शब्द शिकवतो. व्याकरण नाही, बोलणं नाही, नुसते शब्द. आधी बँकेच्या परीक्षांच्या क्लासात शिकवत होतो, मग कॉल सेंटरवाल्यांना, मग परदेशी जाणाऱ्यांना. आता केस पांढरे होत आल्यावर स्वतःचा छोटा वर्ग काढलाय. कुणी विचारलं की सासरे सांगत, "जावई प्रोफेसर आहेत." मंदा, म्हणजे आमच्या मंडळी, सांगते, "ते शब्द विकतात."

इंग्रजी शब्द पाठ करायला घेतले की माणूस रडकुंडीला येतो, कारण ते संपत नाहीत. पण त्यातले ढीगभर शब्द लॅटिनच्या मूठभर मुळांपासून झालेले आहेत. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे, हे एक कळलं की पोर्टर आला, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आले, ट्रान्सपोर्ट आला, खालून उचलून धरणारा सपोर्ट आला आणि बातमी परत वाहून आणणारा रिपोर्टही आला. 'स्पेक्ट' म्हणजे बघणे. आत डोकावून बघतो तो इन्स्पेक्टर. पुन्हा वळून बघावंसं वाटतं तो रिस्पेक्ट. डोळे खाली घालून तिरकं बघायचं तो सस्पेक्ट.

हे मी साध्या घरगुती भाषेत सांगतो. प्रत्येक शब्दाला एक माहेर असतं, ते त्याचं मूळ. पुढे-मागे जी जोडकामं लागतात ती सासरची माणसं. सासर बदललं की बाईचं राहणीमान बदलतं, पण नाक-डोळे माहेरचेच राहतात. नवा शब्द भेटला की घाबरायचं नाही, माहेर विचारायचं. शिवाय लॅटिन म्हणजे आपल्या संस्कृतची चुलत बहीणच. डेंटलमध्ये आपला दंत बसलाय, नेझलमध्ये नासिका, मॅटर्नलमध्ये मातृ. हे सांगितलं की मराठी-कन्नड माध्यमातल्या पोरांचे चेहरे जे उजळतात, त्यासाठी मी हा धंदा करतो. पैशासाठी करतो असं म्हणायला पैसे तरी मिळायला हवेत.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकंही भेटतात. देवनहळ्ळीचे एक गौडा म्हणून सद्गृहस्थ टॅक्सी करून शिवाजीनगरला यायचे. त्यांच्या द्राक्षबागेवर लेआऊट पडला होता, म्हणजे बागेचे प्लॉट पाडून विकले गेले होते. एकदा मी 'टेरा' घेतला, टेरा म्हणजे जमीन. टेरेस, टेरिटरी, मेडिटरेनियन, म्हणजे जमिनींच्या मधला समुद्र. गौडांनी फळ्यावरचे शब्द बोटाने मोजले. म्हणाले, "सार, जमिनीपासून एवढे शब्द निघतात?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "माझ्या जमिनीतून चाळीस फुटी रस्ते निघाले." दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. फी परत नेली नाही, उलट द्राक्षांची एक पेटी पाठवून दिली. कुणाच्या बागेतली, कोण जाणे.

अलीकडे गर्दी ओसरली आहे. हातातल्या फोनला विचारलं की तो अर्थ सांगतो. महादेवपुऱ्यात, म्हणजे इथल्या आयटीवाल्यांच्या भागात, राहणारा पुण्याचा एक मुलगा मला तोंडावर म्हणाला, "सर, मीनिंग तर सर्च होतंच ना?" मी म्हटलं, "होतं बाबा. पण फोनला शब्दांची नाती ठाऊक नाहीत." त्याने तिथल्या तिथे फोनला विचारलं. फोनला नातीही ठाऊक होती. मी विषय बदलला.

*

सुलभाक्का शिवण शिकायला का आली होती, ते हळूहळू कळलं. नितीनच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. महादेवपुऱ्यातला पोहण्याच्या तलावाचा फ्लॅट सोडून तिघं शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत आली. नितीन रोज अर्ज करायचा, रोज वाट बघायचा. घरी बसून बसून तो स्वयंपाक शिकला होता. सुलभाची शाळा मराठी माध्यमातली, बीएस्सी पाठांतराच्या जोरावर झालेलं, पुढे नोकरी केली नाही. ब्लाऊज शिवून घरखर्चाला हातभार लावू, असा तिचा बेत होता.

मग तिला कुणीतरी मेडिकल कोडिंगबद्दल सांगितलं. इस्पितळात डॉक्टर रोग्याबद्दल जे लिहितात, ते वाचून प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक उपचाराला ठरलेला आकड्यांचा संकेत द्यायचा. त्यावरून विम्याचं काम चालतं. महादेवपुऱ्यात अशी कामं करणारी ऑफिसं आहेत. त्यातलं एक बीएस्सीवाल्यांना घेऊन शिकवणार होतं. अट एकच, आधी एक परीक्षा. डॉक्टरी शब्दांनी खच्चून भरलेले उतारे वाचायचे आणि ठरल्या वेळात त्यांवरचे प्रश्न सोडवायचे.

"परीक्षा दसरा झाला की आहे," ती म्हणाली. "झाली तं इथंच राहू. नाही झाली तं दिवाळीले नागपूरला जायचं ते कायमचं. सासरे म्हणतेत, या, वरचा मजला रिकामा आहे."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"वरचा मजला रिकामा आहे, त्याचंच तं भेव आहे सर. एकदा त्याच्यात जाऊन बसली की मी काही खाली येत नाही. अन् इराची दहावी मधातच येते."

तिने हे हसत सांगितलं. पण हातातली खडूची पेटी तिने दोनदा उघडून बंद केली.

माझी मात्र चंगळ झाली. डॉक्टरी शब्द म्हणजे आमच्या धंद्यातला मेवा. 'सब' म्हणजे खाली, 'क्युटिस' म्हणजे कातडी, सबक्युटेनियस म्हणजे कातडीखाली. 'इंट्रा' म्हणजे आत, 'व्हेना' म्हणजे शीर, इंट्राव्हीनस म्हणजे शिरेतून. बरेच शब्द ग्रीक घराण्यातले निघतात हे मी कबूल केलं, पण तेही व्याहीच म्हणायचे. सुलभाला ही माहेर-सासरची भाषा अशी काही चढली की बघत राहावं. तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर शब्दांच्या वंशावळी लावल्या. नितीन एकदा तिला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "सर, ऑनेस्टली सांगतो, माझ्या घरात सध्या माझ्या नातेवाइकांपेक्षा लॅटिनचे नातेवाईक जास्त आहेत."

"तुम्हाला त्रास होतो का?"

"नाही. ते निदान जॉबचं विचारत नाहीत."

*

नवरात्राच्या तोंडावर मी तिचा सराव पेपर घेतला. वेळ लावून. वेळ संपल्यावर पेपर तपासला आणि परत परत उलटून बघितला.

"सगळं बरोबर आहे न जी?" तिने विचारलं.

"जेवढं सोडवलंय तेवढं सगळं बरोबर आहे."

"मंग?"

"निम्मा पेपर कोरा आहे, अक्का."

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, बघू या काय होतंय. एक शब्द दाखवला, "रीनल. सांगा."

तिने डोळे मिटले. "माहेर लॅटिन. 'रेन' म्हणजे मूत्रपिंड. 'अल' सासरचा, म्हणजे 'च्या संबंधी'. मूत्रपिंडासंबंधी. हिची बहीण अॅड्रिनल. 'अॅड' म्हणजे जवळ, म्हणून मूत्रपिंडाजवळची ग्रंथी. ती वरच्या अंगाला असते, टोपीसारखी..."

मी तल्लीन होऊन ऐकत होतो. काय तयार केलीय विद्यार्थिनी! आणि मग माझी नजर घड्याळाकडे गेली. तेवढ्या वेळात कुणीही माणूस अख्खा उतारा वाचून चहाला निघून गेला असता.

ती चुकत नव्हती. पण तिला एकही शब्द ओलांडून जाता येत नव्हता. प्रत्येकाला थांबवून माहेर विचारल्याशिवाय, बहिणी-भावजयांची खुशाली घेतल्याशिवाय ती पुढे सरकतच नव्हती. आणि हे तिला कुणी शिकवलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

मी "जरा लवकर करा" म्हणून बघितलं. त्याने झालं एवढंच की ती घाबरली आणि घाबरून आणखी सावकाश करायला लागली. दुसरा सराव पेपर पहिल्यापेक्षा कोरा निघाला. त्या संध्याकाळी ती जाताना म्हणाली, "जाऊ द्या सर. तुम्ही लय केलं. नाही जमलं तं नाही जमलं." मला तिने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

*

बंगळुरात नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. आमच्यासारखी मराठी घरंही यात मागे नाहीत. मंदाकडे तिच्या सासूकडून आलेले राजा-राणी आहेत आणि दरवर्षी त्यांच्या पायाशी वाढत जाणारी प्रजा आहे. संध्याकाळी बाहुल्या बघायला बायका येतात. दारात हळदकुंकू, आत बाहुल्या, जाताना हरभऱ्याची उसळ आणि विडा. माझ्याकडे उसळीचं खातं असतं. पानाच्या द्रोणात डावभर उसळ घालायची, बोलायचं नाही.

सुलभाचं मन रमावं म्हणून मंदाने तिला बोलावलं, आणि आल्या आल्या तिच्या हातात कुंकवाचं ताट देऊन दारात उभं केलं. "तू कुंकू लाव. मी आतलं बघते."

थोड्या वेळाने मंदा उसळीपाशी आली. "अहो, आत कुणीच कशी नाही? बायका गेल्या कुठे?"

मी खिडकीतून खाली बघितलं. बायका जिन्यावर होत्या. जिन्यावरून फाटकापर्यंत आणि फाटकाबाहेर नारळवाल्याच्या गाडीपर्यंत रांग लागली होती. वर दारात आमची सुलभा एका बाईंना विचारत होती, "तुम्ही कुठल्या? माहेर तंजावरकडचं? अगंबाई! मंग तिकडं पण मराठीच बोलता का जी?" आणि त्या बाईही मन लावून उत्तर देत होत्या. मागच्या जणी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

मंदा पुढे झाली. "सुलभा, स्वल्प बाजूला हो ग." ताट हातात घेतलं. "या सरोजाक्का. हं, लावलं कुंकू. आत जा. या पद्मा, अरे वा, सून आली का? या, या. राधाक्का, गुडघा कसा आहे ते जाताना सांग. चला." बघता बघता जिना मोकळा झाला. मला उसळ घालता घालता घाम फुटला.

गर्दी ओसरल्यावर सुलभाने विचारलं, "काकू, त्या पिवळ्या लुगड्यातल्या कोण होत्या?"

"ती सरोजा. माझ्या नणंदेच्या जावेची भाची. धाकटा भाऊ मिलिटरीत, थोरला तिच्याशी बोलत नाही, आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं परवा."

"अन् तुम्ही तिले दारात काहीच नाही विचारलं?"

"मला माहीत आहे ना सगळं. माहीत असलेलं विचारायचं कशाला?"

"अन् माहीत नसलं तं?"

"तरी दारात नाही विचारायचं. कुंकू लावायचं, आत घ्यायचं. गर्दी सरली की बसून विचारायचं." मंदाने ताटातलं सांडलेलं कुंकू बोटाने गोळा केलं. "दारातच विचारत बसलं तर आत कोण येणार?"

सुलभाने माझ्याकडे बघितलं. मी सुलभाकडे बघितलं. माझ्या डावातली उसळ द्रोणाबाहेर पडली.

*

दुसऱ्या दिवसापासून आमचा अभ्यास बदलला. तिने उतारा वाचायचा, हातात पेन्सिल. शब्द भेटला, ओळखीचा वाटला, की वर एक ठिपका द्यायचा आणि पुढे. त्याला आम्ही कुंकू लावणं म्हणत होतो. अनोळखी असला तरी ठिपका आणि पुढेच. वाक्य संपल्यावर तोच आपली ओळख देतो, नाही दिली तर पान संपल्यावर बघू. ती थांबली की मी टेबलावर टिचकी मारायचो. 

"सर, न विचारता पुढं जायचं म्हणजे कसंतरीच वाटते."

"वाटू दे."

"चुकलं एखादं तं?"

"चुकेल एखादं."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं आणि माझं मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं मी एका पाटीखाली बसलो होतो. तिच्यावर मी स्वतः रंगवून घेतलं होतं, 'शब्दाला माहेर विचारा.' आणि आता तीच चौकशी माजघरात नेऊन ठेवा म्हणून मीच सांगत होतो. थोडं दुखलं, खोटं का बोलू? मुळं शिकवतो मी, पण मुळं शिकून झाल्यावर मातीखाली ठेवायची असतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या वंशावळी नितीनने उतरवल्या. शेवटच्या सराव पेपरात कोरी जागा थोडी उरली. पण उरली.

परीक्षेच्या दिवशी मी काही कारण नसताना त्यांच्याबरोबर महादेवपुऱ्याला गेलो. ती काचेच्या इमारतीत शिरली. आम्ही दोघं समोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, उंच टेबलाशी उभे राहिलो. नितीनने घरून डबा आणला होता. ज्वारीची भाकरी, झुणका. हॉटेलच्या मालकाने बघितलं नाही असं केलं, कारण आम्ही कॉफीवर कॉफी मागवत होतो. भाकरी अशी पातळ आणि मऊ की मी बोलायचं विसरलो.

मग माझ्या लक्षात आलं, नितीन रस्त्याकडे पाठ करून उभा आहे. रस्त्यावरून गळ्यात पट्ट्यांची ओळखपत्रं घातलेली माणसं जात होती. त्याचं जुनं ऑफिस पुढच्याच चौकात होतं.

"सर, एक सांगू?" तो कॉफीच्या पेल्यात बघत म्हणाला. "आत्ता आत्तापर्यंत मला वाटायचं, ही नापास झाली तर सुटलो. नागपूरला जाता येईल. तिथे कोणी विचारलं तर सांगता येईल, बायको-मुलीसाठी आलो. इथे काय सांगू?"

मास्तरांना गप्प बसणं फारसं येत नाही, पण तोंडात भाकरी होती.

"आणि आज सकाळी ती निघताना देवासमोर उभी राहिली ना, तेव्हा मीपण मागे हात जोडले. म्हटलं, देवा, ही नापास नको व्हायला. इतकी भीती मला माझ्या इंटरव्ह्यूला पण कधी वाटली नाही."

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे नितीन! कहाँ है तू? क्या चल रहा है आजकल?" गळ्यात पट्टा असलेला एक माणूस होता.

नितीनने पेला खाली ठेवला. मग पूर्ण वळला, रस्त्याकडे तोंड करून. "वाइफ का एग्ज़ाम है यार. सामने. उसी को लेके आया हूँ." आणि डबा पुढे केला. "भाकरी खाएगा? मैंने बनाई है."

त्या माणसाने खाल्ली. दुसरीही मागितली. त्यानंतर नितीन तसाच रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

सुलभा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वाचता येईना. ती आली, नितीनच्या पेल्यातली उरलेली कॉफी पिऊन टाकली.

"काय झालं ग?" नितीनने विचारलं.

"झाला."

"काय झाला?"

"पेपर. सगळा. शेवटच्या पानापर्यंत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वेळ उरला सर! मंग उरलेल्या वेळात बसून एकेकीचं माहेर विचारून घेतलं. दोन चुका सापडल्या, त्या सुधरवल्या."

*

निकाल आला तेव्हा मी वर्गात होतो. 'रप्ट' म्हणजे मोडणे हे चाललं होतं. इंटरप्ट म्हणजे मध्येच मोडता घालणे, असं म्हणतोय तोवर फोन वाजला. वर्गात फोन घेऊ नये हा माझा नियम मी मोडला.

"लागली सर! नाव लागलं! पहिल्या तारखेपासून ट्रेनिंग!" मागे इरा ओरडत होती, नितीन काहीतरी म्हणत होता, बहुतेक रडत होता, कारण सुलभा त्याला म्हणाली, "आता काहून रडून राहिले जी? आता तं हसायचं न!"

मी बरं, छान, अभिनंदन असं काहीतरी बोललो आणि खाली बसलो. किती दिवस खांदे कानांपर्यंत चढवून हिंडत होतो, ते खाली आल्यावर कळलं. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. शिवणक्लासच्या बाई योगायोगाने खालच्या दुकानात लेस घ्यायला आल्या होत्या, त्यांना बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "सार, आमची एक चांगली विद्यार्थिनी तुम्ही पळवलीत." खरं होतं ते. तिच्या ब्लाऊजचा गळा अजून त्यांच्याकडे अर्धवट पडून आहे.

सुलभा परवा भेटली तेव्हा मी तिला सहज एक शब्द विचारला. तिने अर्थ सांगितला, झटकन, आणि पुढचं बोलायला लागली. माहेर सांगितलं नाही. मी वाट बघितली. नाहीच सांगितलं. तिला ते माहीत आहे, हे मला माहीत आहे. तरी एखाद्या लेकीने फोन लवकर ठेवला की होतं, तसं थोडं झालं. थोडंच.

निकालाच्या दिवशी मी मात्र रिक्षा करून घरी आलो, एरवी बसने येतो. मंदा ओट्यापाशी होती. चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. परीक्षा, निकाल, फोन, मी कसा वर्ग थांबवला, शिवणाच्या बाई काय म्हणाल्या. ती पाठ करूनच ऐकत होती.

"म्हणजे आता नागपूर नाही?"

"नाही."

"पोरगी त्याच शाळेत?"

"त्याच."

"बरं झालं देवा," ती म्हणाली आणि गॅस बारीक करून पाटावर बसली. पदराने तोंड पुसलं. मी वाट बघत होतो. तुमच्या शिकवण्याला यश आलं, असं काहीतरी येईल, इतक्या वर्षांत एकदा तरी.

"ट्रेनिंगला ती दिवसभर जाणार. मग घरातलं तो नितीनच बघणार का?"

"हो. त्याला काम मिळेपर्यंत तरी. आणि मिळालं तरी करीन म्हणतो."

"भाकरी करतो म्हणालात."

"अग, काय सांगू! इतकी पातळ, इतकी मऊ..."

"मग त्याला विचारा, तुम्हाला शिकवतो का," मंदा उठत म्हणाली. "सोमवारपासून जा."